सही करण्याआधी चेक वाचा : अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी टिपची बाराखडी

आई-बाबा पहिल्यांदा न्यू जर्सीला आले तेव्हा आम्ही सात जण एका इटालियन रेस्टॉरंटात जेवायला गेलो होतो. जेवण झालं, काळ्या फोल्डरमधून बिल आलं. बडीशेपेऐवजी पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, त्यावर आईने नाराजी नोंदवली. बाबांनी चष्मा चढवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ग्रॅच्युइटी? ही तर रिटायर होताना मिळते. हा पोरगा आत्ताच रिटायर होतोय का?"

बाबा बँकेत होते. त्यांच्या लेखी ग्रॅच्युइटीचा अर्थ एकच. मी हसलो खरा, पण पेन उघडून खालच्या रिकाम्या ओळीवर वीस टक्के लिहायच्या बेतात होतो, तो थांबलो. कारण बाबांनी दाखवलेल्या त्या ओळीत टिप आधीच लागलेली होती, आणि मी ती वाचलीच नव्हती. इथे इतकी वर्षं काढून!

म्हणून हा लेख. एमएसला आलेली मुलं, नोकरीवर बदली होऊन आलेली जोडपी, सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, सगळ्यांसाठी. (एक सवय विमानतळावरच सोडा: आपण 'हॉटेलात जेवायला' जातो, इथे हॉटेल म्हणजे फक्त लॉज. जेवायची जागा म्हणजे रेस्टॉरंट, आणि बिलाला म्हणायचं 'चेक'.)

आधी हे समजून घ्या: ही बक्षिसी नाही

आपल्याकडे वेटरला पगार मालक देतो आणि वर आपण खुशीने दहा-वीस-पन्नास ठेवतो. अमेरिकेत हिशोब वेगळा आहे. केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच. पण ज्यांना टिप मिळते अशा कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी कायद्याने चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले ५.१२ डॉलर टिपमधून भरून निघतात असं गृहीत धरलेलं आहे. नाही निघाले, तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा म्हणतो.

टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत आजही हाच २.१३ चा हिशोब चालतो. बऱ्याच राज्यांत रक्कम थोडी जास्त आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत ही सवलतच नाही; तिथे वेटरलाही राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. मग कॅलिफोर्नियात टिप कमी देतात का? अजिबात नाही. रीत सगळीकडे तीच. वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलमध्ये राहणारा माझा एक मित्र यावर तावातावाने वाद घालतो: पूर्ण वेतन मिळतं, तर वर टिप कशाला? वाद बरोबर आहे, पण टेबलावर तो घालून उपयोग नाही, कारण समोर उभी असलेली पोरगी कायदे करत नाही.

दुसरी गोष्ट, जी मला इथल्या एका वेट्रेसने सांगेपर्यंत माहीत नव्हती. तुम्ही ठेवलेली टिप तिच्या एकटीची नसते. बारटेंडर, ताटं उचलणारा, पाणी भरणारा यांना ती रात्री वाटा देते. त्याला 'टिप आउट' म्हणतात. आणि पुष्कळ ठिकाणी हा वाटा तिला मिळालेल्या टिपवर नाही, तर तिच्या टेबलांवर झालेल्या विक्रीवर ठरतो. म्हणजे तुम्ही शंभर डॉलरचं जेवून काहीच न ठेवता उठलात, तर त्या शंभरावरचा वाटा तिला पदरचा द्यावा लागतो. तुमचं जेवण तिला फुकटातसुद्धा नाही, तोट्यात पडतं.

पायरी पहिली: जागा कुठली आहे ते ओळखा

टेबलावर येऊन ऑर्डर घेतात, टेबलावर आणून देतात, शेवटी चेक आणतात, अशी जागा असेल तर टिप द्यायचीच. अठरा ते वीस टक्के ही आजची रीत. पंधरा टक्के म्हणजे 'ठीकठाक होतं' असा संदेश जातो. दहा टक्के ठेवलेत तर काही चुकलं का असं विचारतील, किंवा विचारणार नाहीत आणि मनात ठेवतील.

काउंटरवर उभं राहून ऑर्डर द्यायची, नंबर पुकारला की स्वतः उचलायचं, अशी जागा असेल तर टिप ऐच्छिक. कॉफीवाल्याला एखादा डॉलर किंवा बरणीत सुटे, बस्स. घरी न्यायचं पार्सल असेल तर शून्यही चालतं; मोठी ऑर्डर बांधून घेतली असेल तर काहीतरी ठेवतात. बुफे असेल, फक्त पाणी आणि ताटं उचलायला माणूस असेल, तर दहा टक्क्यांच्या आसपास. दुपारच्या देसी बुफेत हाच हिशोब लावा. डबेवाल्या काकूंकडून पोळी-भाजी घेताना टिप देऊ नका, त्यांना अपमान वाटेल. डबा धुऊन परत करा.

हल्ली काउंटरवरसुद्धा टॅब्लेट फिरवून समोर धरतात. १८, २०, २५ अशी तीन मोठी बटणं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कस्टम' किंवा 'नो टिप'. मागे रांग, समोर कॉफी देणारा तुमच्याकडेच बघतोय. नवा माणूस घाबरून मधलं बटण दाबतो. मीही दाबायचो, बाटलीबंद पाण्यावरसुद्धा. बारीक बटण दाबायला शिका. कोणी काही म्हणत नाही. ती स्क्रीन सगळ्यांनाच दाखवतात.

पायरी दुसरी: बसल्यावर मेनूचं शेवटचं पान

पदार्थ नंतर बघा. आधी मेनूच्या तळाशी किंवा मागच्या पानावर तिरप्या बारीक अक्षरातली ओळ शोधा. सहसा ती अशी असते: 'सहा किंवा अधिक जणांच्या पार्टीला (म्हणजे एकत्र बसलेल्या गटाला) १८ टक्के ग्रॅच्युइटी लावली जाईल.' कुठे सहा, कुठे आठ, कुठे पाच. टक्के कुठे १८, कुठे २०. हीच ती ऑटो-ग्रॅच्युइटी, म्हणजे तुम्हाला न विचारता चेकमध्ये जोडलेली टिप.

मोठ्या टेबलालाच का? आपल्याकडे म्हण आहे ना, भागीचं घोडं किवणानं मेलं. आठ जण जेवतात, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने टिप ठेवली असेल, आणि शेवटी टेबलावर सात डॉलर आणि एक रुमाल राहतो. त्यात मोठा ग्रुप गप्पा मारत दोन-अडीच तास टेबल अडवतो, वेटरची अर्धी संध्याकाळ तिथेच जाते. म्हणून रेस्टॉरंट आधीच कुंपण घालून ठेवतं.

मायामी बीचसारख्या पर्यटकांच्या गावात मात्र दोघंच गेलात तरी १८-२० टक्के लागलेले सापडतील. तिथे पुष्कळ लोक परदेशातून आलेले, त्यांच्यातल्या अनेकांकडे टिपची पद्धत नाही, म्हणून ही तजवीज. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे अशी आकारणी मेनूवर आणि चेकवर लिहावी लागते. लिहिलेली असते, आपण वाचत नाही. पहिल्या वर्षी मी तिथे समुद्रासमोर बसून दोनदा टिप देऊन आलो, आणि ते हॉटेलच्या खोलीवर येऊन पावती खिशातून काढताना कळलं.

वेगवेगळे चेक हवे असतील तर ऑर्डर देण्याआधी सांगा: 'सेपरेट चेक्स, प्लीज.' सगळं जेवून झाल्यावर 'आता याचं-त्याचं वेगळं करा' म्हणू नका. चेक वेगळे केले म्हणून ऑटो-ग्रॅच्युइटी टळेल असंही समजू नका. टेबल एकच असलं तर बहुतेक ठिकाणी प्रत्येक चेकवर तेवढे टक्के लागतातच.

पायरी तिसरी: चेक वाचा, वरून खाली

आमचा त्या दिवशीचा चेक साधारण असा होता:

सबटोटल – २१२.०० डॉलर
टॅक्स – १४.०५
ग्रॅच्युइटी १८ टक्के – ३८.१६
टोटल – २६४.२१
अ‍ॅडिशनल टिप – ............
टोटल – ............

खाण्यापिण्याची किंमत म्हणजे सबटोटल. मेनूवर छापलेल्या किमतीत टॅक्स नसतो, तो नंतर लागतो. राज्याराज्यात, गावागावात वेगळा. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, न्यूयॉर्क शहरात ८.८७५, ओरेगनमध्ये शून्य.

सगळी गोम त्या शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. रिकामी जागा दिसली की आपला हात शिवशिवतो. मी तिथे २६४ वर वीस टक्के, म्हणजे ५२.८४ लिहिले असते तर एकूण टिप झाली असती ९१ डॉलर, २१२ च्या जेवणावर! जवळजवळ ४३ टक्के. आणि यात कोणी फसवलेलं नसतं. 'अ‍ॅडिशनल' हा शब्द छापलेलाच असतो. काही ठिकाणी मात्र नुसतं 'टिप' छापतात. तिथे वरच्या ओळी वाचण्याला पर्याय नाही.

ग्रॅच्युइटी लागलेली असेल तर त्या रिकाम्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि खाली तोच आकडा परत लिहा. विनासंकोच. सेवा फारच छान झाली असेल, लहान मूल सांडून ठेवत होतं आणि वेटरने हसत तीनदा पुसलं, तर वर पाच-दहा डॉलर जरूर द्या.

आता शब्दांकडे जरा नीट बघा, कारण प्रत्येक शब्दाचा पैसा वेगळ्या खिशात जातो.

'टिप' म्हणजे तुम्ही मनाने दिलेले पैसे. ते कामगारांचे. केंद्रीय वेतन कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर मालकाला, मॅनेजरला त्यातला पैसाही ठेवता येत नाही.

'ग्रॅच्युइटी' आपोआप लागली असेल तर करखात्याच्या दृष्टीने ती टिप नव्हेच. आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या करखात्याने, २०१२ साली एका निर्णयात कसोटी सांगितली आहे: देणं सक्तीचं नको, रक्कम किती ते ग्राहकाने ठरवायचं, ती मालकाच्या नियमाने ठरलेली नको, आणि ती कोणाला जावी हे सर्वसाधारणपणे ग्राहकाच्या हातात हवं. ऑटो-ग्रॅच्युइटी या कसोटीत बसत नाही, म्हणून ती 'सर्व्हिस चार्ज' धरली जाते: आधी मालकाचं उत्पन्न, मग त्याने वाटली तर कामगाराचा पगार, कापाकापी होऊन. २०१४ पासून हा नियम काटेकोर लावू लागले. त्याच सुमारास काही मोठ्या साखळी रेस्टॉरंटांनी ऑटो-ग्रॅच्युइटी बंद केली आणि त्याऐवजी चेकच्या तळाशी '१५ टक्के म्हणजे एवढे, २० टक्के म्हणजे एवढे' असं छापायला सुरुवात केली. तुम्हाला दिसतं ना ते गणित, त्यामागे हे एक कारण आहे.

२०२५ च्या कायद्याने यात आणखी एक पाचर मारली. २०२५ ते २०२८ या करवर्षांत टिपचे २५,००० डॉलरपर्यंत केंद्रीय प्राप्तिकरासाठी धरल्या जाणाऱ्या उत्पन्नातून वजा करता येतात, पण फक्त स्वखुशीने दिलेल्या टिपचे. चेकमध्ये आपोआप लागलेले १८ टक्के त्यात धरत नाहीत. म्हणजे तेच ३८ डॉलर तुमच्या हातून गेले तर वेट्रेसला बरे, मशीनमधून गेले तर कमी बरे.

'सर्व्हिस चार्ज' असं छापलेलं असेल तर तो केंद्रीय कायद्याप्रमाणे मालकाचा. त्याने पूर्ण वाटला तर उत्तम, नाही वाटला तरी केंद्राचा कायदा त्याला अडवत नाही. राज्यांचं वेगळं असू शकतं. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं की सर्वसामान्य गिऱ्हाइकाला जो चार्ज टिपच वाटेल तो कामगारांना द्यावा लागू शकतो. तुम्हाला कायद्यात शिरायची गरज नाही. वेटरला सरळ विचारा: 'डज धिस गो टू यू?' मी हे नेहमी विचारतो, आणि एकानेही वाईट वाटून घेतलेलं नाही. एकीने तर इकडेतिकडे बघून हळूच मान हलवली, नाही म्हणून. तिथे मी वर वेगळे रोख ठेवले.

आणि उरलेल्या फुटकळ ओळी: 'किचन फी', 'वेलनेस फी', कार्डाने दिलेत म्हणून तीन टक्के. सॅन फ्रान्सिस्कोत 'एसएफ मँडेट' नावाची ओळ दिसेल, ती शहराच्या आरोग्यविम्याच्या नियमापायी लावलेली. यातलं काहीही टिप नाही. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून छुप्या फीवर बंदी आणली, पण अगदी शेवटच्या घटकेला धावाधाव होऊन रेस्टॉरंटांना त्यातून वाट काढून दिली. फक्त मेनूवर ठळक लिहायचं बंधन राहिलं.

पायरी चौथी: गणित

टिप सबटोटलवर काढतात, टॅक्सवर नाही. टॅब्लेटची बटणं कधीकधी टॅक्स धरून काढतात. फरक थोडा पडतो, जिवाला लावून घेऊ नका. कूपन वापरलं असेल, 'एकावर एक फ्री' असेल, तर मूळ किमतीवर काढा; वेटरने ताटं दोन्ही आणली.

सोपी रीत: दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवा, ते झाले दहा टक्के. दुप्पट करा. ४६.८० चं जेवण, ४.६८, दुप्पट ९.३६. नऊ किंवा साडेनऊ लिहा.

आणखी सोपी: टॅक्सची ओळ समोर आहेच. न्यूयॉर्क शहरात टॅक्सची दुप्पट केली की पावणेअठरा टक्के होतात. आमच्या जर्सीत तिप्पट, जवळपास वीस. दुसऱ्या राज्यात बदली झाली की ही युक्ती बदलते, तेवढं लक्षात असू द्या. माझा एक रूममेट न्यूयॉर्कची दुप्पट जर्सीत वर्षभर लावत होता, आणि त्या कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये आपल्याला पाणी उशिरा का मिळतं याचं त्याला कोडं पडायचं.

रुपयात गणित करू नका. बाबांनी केलं: "अडतीस डॉलर म्हणजे तीन हजारांच्या वर! वाढप्याला?" आई म्हणाली, "मग पास्त्याचे किती झाले तेही काढा." बाबा गप्प झाले. रुपयात काढायचं असेल तर घरातून निघतानाच काढा आणि घरीच पिठलं-भात लावा.

पायरी पाचवी: पैसे देताना

कार्ड द्यायची पद्धत आपल्याला विचित्र वाटते. वेटर कार्ड घेऊन आत जातो. जाऊ द्या. परत येतो तेव्हा फोल्डरमध्ये कार्ड, पेन आणि दोन पावत्या असतात. 'मर्चंट कॉपी'वर टिप आणि एकूण बेरीज लिहून सही करायची आणि ती तिथेच सोडायची. 'कस्टमर कॉपी' तुमची. नवी मंडळी हमखास सही केलेली पावती घेऊन घरी येतात आणि कोरी टेबलावर सोडतात. तुम्ही लिहिलेली टिप तुमच्याच खिशात घरी आली, तर ती त्यांना कळणार कशी?

त्या रात्री बँकेचं अ‍ॅप उघडलंत तर फक्त जेवणाची रक्कम दिसेल, टिप नसेल. घाबरून फोन करू नका, आणि 'वाचले पैसे' म्हणून आनंदही नको. आधी मूळ रक्कम रोखून ठेवतात, दोन-चार दिवसांनी टिपसकट पक्की होते. तेव्हा मात्र आपल्या पावतीशी ताडून बघा. भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर त्यात थोडी जास्त शिल्लक ठेवा. काही वेळा टिप धरून जास्तीची रक्कम अडकते.

रोख देत असाल तर एका शब्दाला जपा. वेटर विचारतो, 'डू यू नीड चेंज?' आपण सौजन्याने 'नो नो, थँक यू' म्हणतो. याचा अर्थ उरलेले सगळे तुझे! ३१ च्या चेकला ५० ची नोट देऊन असं म्हणणारा एक विद्यार्थी मी पाहिलाय. वीस मिनिटं सुट्याची वाट बघत बसला होता बिचारा. सुटे हवे असतील तर 'येस, प्लीज' म्हणा. आणि टिप म्हणून सेंटांची चिल्लर ओतू नका, ती न देण्यापेक्षा वाईट दिसते.

मनासारखं झालं नाही तर

साधी टिप असेल तर कमी द्यायचा अधिकार तुमचा. पण पदार्थ उशिरा आला तो स्वयंपाकघरामुळे की वेटरमुळे, हे आधी बघा.

ऑटो-ग्रॅच्युइटी असेल तर गुपचूप खोडू नका. मॅनेजरला बोलवा, काय झालं ते दोन वाक्यांत सांगा आणि ती काढायला सांगा. नीट बोललं की बहुतेक वेळा काढतात किंवा कमी करतात. यावरून पोलीस आल्याच्या घटनाही घडल्यात: २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जला आणि २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला गिऱ्हाइकांनी सक्तीची टिप द्यायला नकार दिला, त्यांना अटकही झाली. दोन्ही वेळा आरोप मागे घेतले गेले. पण व्हिसावर असलेल्या माणसाने सोळा डॉलरसाठी असला प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे द्या, पावती ठेवा, नंतर भांडा.

हॉल घेताना: ते दोन 'प्लस'

बारसं, साठीशांत, मुलीचं ग्रॅज्युएशन, मंडळाचं गणपतीचं जेवण, कधी ना कधी हॉल घ्यायची वेळ येते. तिथे दर सांगतात 'माणशी साठ, प्लस प्लस'. आपण समजतो ताटाला साठ. पहिला प्लस म्हणजे सर्व्हिस चार्ज, दुसरा टॅक्स. आम्ही बाबांची पंचाहत्तरी केली तेव्हा मी ऐंशी पानं गुणिले साठ करून ४,८०० मनात धरून बसलो होतो. वर २२ टक्के सर्व्हिस चार्ज, १,०५६. मग त्या सगळ्यावर टॅक्स. आकडा ६,२४० च्या पुढे गेला. एका माणसाला साठ नव्हे, अठ्ठ्याहत्तर.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. या सर्व्हिस चार्जमधलं वाढणाऱ्यांना किती जातं? त्याच्यावर टॅक्स लागतो का? (कामगारांना पूर्ण वाटलेल्या आणि वेगळ्या दाखवलेल्या ग्रॅच्युइटीवर काही राज्यांत तो लागत नाही, कॅलिफोर्नियात सक्तीची असली की लागतो.) आणि त्या दिवशी वेगळी टिप अपेक्षित आहे का? आमच्या हॉलवाल्याने पहिल्या प्रश्नावर लांबण लावली. मग आम्ही वाढणाऱ्या मुलांना वीस-वीसची पाकिटं हातात दिली. आईने त्यावर हळद-कुंकवाचं बोटही लावलं होतं.

बाकीचं भराभर सांगतो. बारमध्ये ड्रिंकमागे एक-दोन डॉलर. घरपोच जेवण आणणाऱ्याला पंधरा टक्के किंवा पाच डॉलर, बर्फ पडत असेल तर जास्त. अ‍ॅपवरची 'डिलिव्हरी फी' त्याला मिळते असं समजू नका. खोलीवर मागवलेल्या जेवणात टिप बहुधा आधीच धरलेली असते, पावती बघा. क्रूझवर माणशी, दिवसागणिक ग्रॅच्युइटी खात्यात लागते, लहान मुलांचीही. हॉटेलात खोली साफ करणाऱ्या बाईसाठी रोज दोन ते पाच डॉलर, रोजच्या रोज उशीवर, कारण बाई बदलते.

आणि भारतात गेल्यावर

इथली सवय घेऊन पुण्या-मुंबईच्या रेस्टॉरंटात गेलात तर उलटं होतं: चेकमध्ये लागलेला सर्व्हिस चार्ज निमूट भरून येता. तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं की सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही नाही. रेस्टॉरंटांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा बिलावर दहा टक्के दिसले तर 'हे काढून नवीन बिल द्या' एवढंच म्हणायचं. जीएसटीची ओळ वेगळी, ती काढता येत नाही. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. वेटरला द्यायचे ते पैसे बिलात नको, त्याच्या हातात द्या.